गावात घर राखायचे असेल तर : सिंधुदुर्गातील हिस्सेदारांसाठी

सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला आणि १९९७ मध्ये पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पुढच्याच वर्षी कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, २०२१ मध्ये चिपीचा विमानतळ सुरू झाला, आणि जानेवारी २०२३ पासून गोव्याच्या हद्दीतला मोपा विमानतळ सावंतवाडी, वेंगुर्ले व दोडामार्ग या तालुक्यांच्या दारात आला. तारकर्ली, देवबाग, भोगवे, शिरोडा, रेडी यांसारख्या गावांत जमिनीचा भाव पूर्वी भात, नारळ आणि आंब्याच्या उत्पन्नावरून ठरत असे. आता तो मुंबई, पुणे, बेळगाव किंवा गोव्याहून येणाऱ्या खरेदीदाराच्या ऐपतीवरून ठरतो. शाळेत शिकवणारा, होडीवर जाणारा किंवा पर्यटकांच्या खोल्या आवरणारा स्थानिक माणूस त्या भावाने पाच गुंठेही घेऊ शकत नाही.

तरीही बहुतेक स्थानिक कुटुंबांना जमीन विकत घेण्याची गरज नसते, कारण ती त्यांच्या सातबाऱ्यावर असतेच. अडचण अशी असते की त्या सातबाऱ्यावर पंधरा-वीस नावे असतात, त्यांतली निम्मी माणसे हयात नसतात, उरलेल्यांतले अर्धे मुंबईत असतात, आणि गावात राहणाऱ्याला स्वतःच्याच जमिनीत चार भिंती उभारण्यासाठी कर्ज मिळत नाही, परवानगी मिळत नाही आणि कुणाची संमतीही मिळत नाही. अशा वेळी एखाद्या चुलत भावाचा अविभक्त हिस्सा दलालामार्फत बाहेरच्या माणसाने स्वस्तात घेतला की घराचा प्रश्न बाजाराच्या हातात जातो. म्हणून या लेखात कामांचा जो क्रम दिला आहे, तो शक्यतो मोडू नये: आधी कागद, मग वाटप, मग घराची जागा, मग बांधकाम, आणि पर्यटकांसाठीच्या खोल्या सर्वांत शेवटी. बहुतेक ठिकाणी हा क्रम नेमका उलटा होतो आणि तिथेच गाडी अडते.

कागद गोळा करणे

सुरुवात सातबारा, आठ-अ (एका खातेदाराच्या गावातल्या सर्व जमिनींचा उतारा) आणि फेरफार यांपासून करावी. सातबारा आज काय नोंद आहे ते सांगतो, तर फेरफार ती नोंद कशी झाली ते सांगतो. त्यामुळे आजोबांच्या काळापासूनचे सर्व फेरफार काढून ते सालाच्या क्रमाने लावल्याशिवाय कोणाचा हिस्सा किती, याची चर्चा सुरू करू नये. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा घरबसल्या मिळतो, पण जुने फेरफार आणि हाताने लिहिलेले उतारे यांसाठी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात जाऊन अर्ज करावा लागतो. मोजणीचा नकाशा आणि आकारफोड पत्रक (पोटहिश्श्यांत क्षेत्र व सारा कसा विभागला ते दाखवणारा कागद) भूमी अभिलेख उपअधीक्षकांच्या कार्यालयात मिळते.

उताऱ्यावर तीन गोष्टी बारकाईने वाचाव्यात. पहिली, भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २ (वर्ग २ ची जमीन विकण्यावर सरकारी बंधने असतात). कुळकायद्याने मिळालेल्या जमिनीवर कूळ कायदा कलम ४३ ची बंधने असतात. कलम ३२-म च्या प्रमाणपत्राला, म्हणजे कुळाला मिळालेल्या खरेदीच्या दाखल्याला, दहा वर्षे झाली असतील तर शेतसाऱ्याच्या चाळीसपट नजराणा भरून ही बंधने दूर करता येतात. शेतसारा इतका अल्प असतो की चाळीसपट करूनही ही रक्कम सहसा किरकोळच येते, तरी अनेक कुटुंबांनी हे काम वर्षानुवर्षे टाकून ठेवलेले दिसते. दुसरी गोष्ट म्हणजे इतर हक्कांचा रकाना: तिथे कुळाचे नाव, सोसायटीचा बोजा किंवा खासगी वनाची नोंद असेल, तर ती मिटेपर्यंत पुढचे कुठलेच काम होत नाही. तिसरी गोष्ट मृतांची नावे. वारस नोंदीसाठी तलाठ्यांकडे (आता त्यांचे पदनाम ग्राम महसूल अधिकारी असे झाले आहे) अर्ज करावा आणि प्रत्येक शाखेतल्या मुलींची नावे त्यात घालावीत. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच आहे. आत्याचे किंवा बहिणीचे नाव वगळून केलेली नोंद आज सोयीची वाटली, तरी पुढे तोच वादाचा पहिला मुद्दा होतो.

घराच्या नोंदीबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. ग्रामपंचायतीचा नमुना ८, ज्याला बोलताना आपण घरपत्रक किंवा असेसमेंट म्हणतो, ही कर आकारणीची नोंद आहे. त्यावर नाव आहे म्हणून घराखालची जमीन आपली ठरत नाही. स्वामित्व योजनेत गावठाणातल्या घरांना मालमत्ता पत्रक मिळते, परंतु कोकणात घरे वाड्यावाड्यांत, शेतजमिनीच्या सर्व्हे नंबरांत विखुरलेली असल्यामुळे ती बऱ्याचदा गावठाणाच्या बाहेरच राहतात आणि त्यांना या योजनेचा उपयोग होत नाही.

चतुर्थीच्या दिवसांत करायचे काम

सर्व हिस्सेदार वर्षातून एकदाच, गणपतीला, एका छपराखाली येतात. एरवी मुंबईच्या चाकरमान्यांना फोनवर गाठून जे काम तीन वर्षांत होत नाही, ते चतुर्थीच्या पाच दिवसांत होऊ शकते, मात्र त्याची तयारी आषाढातच झालेली असावी. फेरफारांची फाईल, वंशावळ आणि जमिनीचा कच्चा नकाशा यांच्या प्रती सर्वांना आधी पाठवाव्यात, म्हणजे आरतीनंतर बसल्यावर पहिला तास 'हे कुठून आले' या प्रश्नात जात नाही. जो गावात राहतो त्याने घर सांभाळले, कौले परतली, गडगे बांधले, देवाधर्माचे पाहिले. जो मुंबईत राहतो त्याला वाटते की उत्पन्न एकट्यानेच खाल्ले. या दोन्ही भावना खऱ्या असतात. त्या बोलून झाल्याखेरीज गुंठ्यांचा हिशेब सुरू करू नये, असा माझा सल्ला आहे.

बैठकीत आधी एकाच गोष्टीवर एकमत करावे: मूळ घर, खळे, विहीर, तिथपर्यंतची पाणंद आणि गावात राहणाऱ्या प्रत्येक शाखेसाठी घरापुरती जागा ही विक्रीच्या बाहेर राहील. बाकीच्या कातळाचे आणि बागेचे काय करायचे यावर मतभेद राहिले तरी चालतील. जे ठरेल ते त्याच दिवशी लिहून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. असा कागद नोंदणीकृत वाटपपत्राची जागा घेत नाही, पण पुढच्या चतुर्थीला बोलणे पुन्हा शून्यापासून सुरू करावे लागत नाही.

प्रत्यक्ष वाटप सर्वांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करून होते आणि त्याचा खर्च दिवाणी दाव्याच्या मानाने नगण्य असतो. संमती नसेल तर दिवाणी न्यायालय हाच मार्ग उरतो, आणि तो किती लांबतो हे कोकणात कोणाला सांगायला नको. वाटपात आणखी एक अडथळा तुकडेबंदीचा आहे: २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे प्रमाणभूत (किमान) क्षेत्र जिरायतीसाठी २० गुंठे आणि बागायतीसाठी १० गुंठे आहे, त्याहून लहान तुकडे पडणार असतील तर नोंद अडते. या कायद्यात अलीकडे सवलती आणि बदल लागोपाठ होत असल्याने अर्ज करण्यापूर्वी त्या दिवशीची स्थिती तहसील कार्यालयातून लेखी समजून घ्यावी. क्षेत्र फारच लहान असेल तर सर्वांना तुकडे देण्याऐवजी एकाने जमीन घेऊन इतरांना मोबदला द्यावा, किंवा हक्कसोडपत्र करावे. आईवडिलांनी मुलाला, मुलीला किंवा नातवंडांना शेतजमीन अथवा राहते घर बक्षीसपत्राने दिल्यास मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागते. जिल्हा परिषदेचा अधिभार व नोंदणी फी वेगळी.

हक्कसोडपत्राबाबत स्पष्ट बोलायला हवे. बहिणीकडून ते 'रीत' म्हणून फुकट सही करून घेण्याची प्रथा आहे. जमिनीला भाव नव्हता तेव्हा ही रीत कोणाला खुपत नसे; आज त्याच कागदावर लाखो रुपये सोडले जातात. तिला मोबदला द्यावा, किंवा माहेरच्या घरात तिची खोली व येण्याजाण्याचा हक्क नोंदणीकृत कागदात लिहून द्यावा.

एखाद्या हिस्सेदाराने विकायचे ठरवले तर

ही पाळी आली तर रागावून बोलणे बंद करण्याआधी कायद्याने दिलेले तीन आधार वापरावेत. हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ नुसार, मृत्युपत्र न करता वारलेल्या व्यक्तीची स्थावर मालमत्ता पहिल्या वर्गाच्या वारसांना (मुलगे, मुली, पत्नी, आई अशा जवळच्यांना) एकत्र मिळाली असेल आणि त्यांतला एक जण आपला हिस्सा विकू पाहत असेल, तर इतरांना तो घेण्याचा अग्रहक्क असतो. किमतीवर एकमत झाले नाही तर न्यायालय किंमत ठरवते. हा हक्क शेतजमिनीलाही लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये दिला. मात्र वडिलांच्या पश्चात भावाबहिणींमध्ये तो जितका सरळ चालतो, तितका तीन पिढ्यांपूर्वीच्या सामाईक जमिनीत चुलत-चुलत भावांमध्ये चालत नाही.

दुसरा आधार राहत्या घरापुरता आहे आणि तो कमी लोकांना माहीत असतो. अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा परक्या माणसाने विकत घेतला, तरी मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ४४ मुळे त्याला घरात येऊन कुटुंबासोबत ताबा घेता येत नाही; आणि त्याने वाटपाचा दावा लावला तर १८९३ च्या वाटप कायद्याच्या कलम ४ खाली कुटुंबातला हिस्सेदार तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीला घेण्याची मागणी करू शकतो. 'उद्या आमचा माणूस पडवीत येऊन राहील' अशी धमकी दलाल देतो, तेव्हा ही दोन कलमे त्याला शांतपणे सांगावीत.

तिसरा आधार वेळेचा आहे. खरेदीखत झाल्यावर फेरफाराची नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवस मिळतात. लेखी हरकत दिली की नोंद तक्रारी नोंदवहीत जाते व मंडळ अधिकारी सुनावणी घेतात. फेरफाराने मालकी ठरत नाही हे खरे, पण त्या पंधरा दिवसांत हरकत नोंदवली नाही तर पुढे सगळे अवघड होते. नोटीस जुन्या पत्त्यावर किंवा मृताच्या नावाने जाते, म्हणून 'आपली चावडी' या शासकीय फलकावर आपल्या गावाच्या नोटिसा आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर आपल्या सर्व्हे नंबरची सूची क्रमांक दोन (नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा) दर महिन्याला पाहण्याची जबाबदारी घरातल्या एका तरुणावर सोपवावी.

आणि मुखत्यारपत्र. मुंबईला परतण्याच्या घाईत, 'कामाला बरे पडते' म्हणून, कोणालाही सर्वसाधारण मुखत्यारपत्र देऊ नये. द्यायचेच तर एका कामापुरते, मुदतीचे आणि विक्रीचा अधिकार नसलेले द्यावे. मुखत्यारपत्र आणि साठेकरार (पुढे विकण्याचा करार) यांच्या आधारे मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केले आहे. तरी त्या कागदांवर विसार घेऊन गुंतून पडलेली कुटुंबे प्रत्येक तालुक्यात सापडतात.

शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, हे कूळ कायद्याचे कलम ६३ आपले संरक्षण करील, अशा भरवशावर मात्र राहू नये. हिमाचल प्रदेशात कलम ११८ मुळे बिगरशेतकऱ्याला सरकारी परवानगीशिवाय जमीन घेणे कठीण आहे आणि तिथले जनमत त्या कलमाला जपते. आपल्याकडे मात्र राज्यात कुठेही शेतकरी असलेला धनिक खरेदी करू शकतो, आणि जमीन अकृषिक (बिगरशेती) झाली की ही अटच उरत नाही.

घराची जागा आणि परवानगी

वाटप झाल्यावर घरासाठी निवडलेल्या तुकड्याची हद्द कायम मोजणी करून घ्यावी आणि कोपऱ्यांवर चिरे रोवावेत. जमीन गावठाणाच्या हद्दीपासून २०० मीटरच्या आत असेल तर महसूल संहितेच्या कलम ४२-ड प्रमाणे निवासी वापरासाठी स्वतंत्र अकृषिक परवानगीची गरज नसते; कोणती रक्कम भरायची व कोणता कागद घ्यायचा ते तहसीलदारांकडून समजून घ्यावे. ज्या महसुली गावात गावठाण अगदी लहान आहे किंवा वाड्या त्यापासून लांब आहेत, तिथे ही सवलत पोहोचत नाही, आणि म्हणूनच गावठाण विस्ताराची मागणी हा केवळ पुढाऱ्यांच्या भाषणाचा विषय राहू नये.

किनाऱ्यावरच्या जागेसाठी सागरी किनारा नियमन क्षेत्राचा नकाशा आधी पाहावा. २०१९ च्या अधिसूचनेनुसार, दर चौरस किलोमीटरला २१६१ पेक्षा कमी लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र आहे. त्यातही १०० ते २०० मीटरच्या पट्ट्यात मच्छीमारांसह स्थानिक समाजांच्या राहत्या घरांना, तळमजला व एक मजला, ९ मीटर उंचीपर्यंत, वाव ठेवलेला आहे. कर्ली नदी आणि समुद्र यांच्यामध्ये चिंचोळ्या पट्टीवर वसलेल्या देवबागसारख्या गावात हा वाव म्हणजेच घराची एकमेव शक्यता असते. तो स्थानिकाच्या राहत्या घरासाठी आहे. स्थानिकाच्या नावाने परवानगी घेऊन मागून दुसऱ्याने रिसॉर्ट चालवायचे, या व्यवहारात कारवाईची नोटीस ज्याचे नाव कागदावर आहे त्यालाच येते.

पैशाची बाजू थोडक्यात. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीणमधून सपाट प्रदेशात केंद्राच्या निकषाने घरकुलासाठी १ लाख २० हजार रुपये मिळतात, रोजगार हमीतून मजुरीचे दिवस आणि शौचालयासाठी १२ हजार रुपये त्यास जोडले जातात. घर किमान २५ चौरस मीटरचे असावे लागते. यादीत नाव आहे पण जागा नाही, अशांसाठी पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजनेत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या जागेला १ लाख रुपयांपर्यंत साहाय्य आहे. किनारी गावात एवढ्या रकमेत जागा मिळणे कठीणच, म्हणून हे साहाय्य नात्यातल्या किंवा वाडीतल्या माणसाकडून जागा घेताना वापरावे.

खोल्या भाड्याने देण्यापूर्वी

स्वतःचे राहते घर पूर्ण झाल्यावरच पर्यटकांचा विचार करावा. पर्यटन विभागाच्या निवास व न्याहारी योजनेत नोंदणी करावी, जेवण देणार असाल तर अन्न परवाना घ्यावा, आणि परदेशी पाहुणा उतरला तर चोवीस तासांत त्याची माहिती ठरलेल्या नमुन्यात कळवावी. किनारा नियमन क्षेत्रात स्थानिकांना घराचे जोते, आराखडा व दर्शनी रूप न बदलता असा निवास चालवण्याची मुभा आहे. ती माजघर मोडून दहा खोल्या काढण्याची मुभा नव्हे.

जमीन विकण्याऐवजी व्यावसायिकाला भाडेपट्ट्याने देणे हा चांगला मार्ग आहे, फक्त शेतजमीन तशीच भाड्याने देऊ नये, कारण त्यातून कुळाचा हक्क उभा राहू शकतो. आधी अकृषिक करून, मुदतीचा पट्टा नोंदवून, मुदत संपल्यावर बांधकामाचे काय होणार ते त्यातच लिहावे. ज्यांच्याकडे दोन-तीन खोल्या मोकळ्या आहेत, त्यांनी एक तरी खोली गावातल्या परिचारिकेला, शिक्षकाला किंवा डायव्हिंगच्या बोटीवर काम करणाऱ्या मुलाला बारमाही द्यावी. हंगामात रोजच्या दराने मिळणाऱ्या पैशांपेक्षा उत्पन्न कमी दिसते, परंतु पावसाळ्याचे चार महिने खोली रिकामी राहत नाही. करार लेखी व नोंदणीकृत असावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे ती जबाबदारी घरमालकाची आहे, आणि नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते.

पाणंद आणि ग्रामसभा

शेजारची जमीन विकली गेली की पहिला घाव वाटेवर बसतो. नवा मालक कुंपण घालतो आणि तीन पिढ्यांची पाणंद बंद होते. अशा वेळी मामलेदार न्यायालय कायदा, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा दाखल करता येतो, परंतु अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत. समजुतीच्या बैठकांत हे सहा महिने निघून जातात, म्हणून दावा आधी दाखल करावा आणि बैठका त्यानंतर चालू ठेवाव्यात. वाट मुळात नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ प्रमाणे बांधावरून रस्ता मागता येतो.

एकट्या कुटुंबाला न पेलणारी कामे ग्रामसभेत न्यावीत: गावठाण विस्ताराचा प्रस्ताव, घरकुलाची यादी, सार्वजनिक पाणंदींची नोंद, आणि मोठ्या प्रकल्पाला नळपाणी योजनेतून पाणी देताना घालायच्या अटी. वर्षातून किमान चार ग्रामसभा होतात आणि गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतली कमी संख्या पुरते. विषय कार्यसूचीवर यावा यासाठी अर्ज काही दिवस आधी देऊन पोच घ्यावी, ठराव इतिवृत्तात शब्दशः लिहिला गेल्याची सभेतच खात्री करावी, आणि त्याची प्रमाणित प्रत घेऊन ती जिल्हाधिकारी कार्यालयात स्वतः नेऊन द्यावी, कारण ग्रामपंचायतीतून टपालाने निघालेला ठराव वाटेत कुठे थांबला याचा शोध घेण्यात पुढची ग्रामसभा येते.